कायद्याला मूल दिसायला दीडशे वर्षं लागली

साडेसात महिन्यांच्या मुलीला ‘विनय’ असतो का? १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं होतं.

प्रकरण पंजाबातलं. एका माणसाने त्या बाळावर लैंगिक अत्याचार केला होता. तिला जखम झाली होती आणि हे सगळं पुराव्याने शाबीत झालं होतं. अडलं होतं ते कलमावर. बलात्काराच्या तेव्हाच्या व्याख्येत ते कृत्य बसत नव्हतं. मग उरलं कलम ३५४, स्त्रीचा विनयभंग. उच्च न्यायालयातल्या बहुमताचं म्हणणं पडलं की, विनयभंग व्हायचा तर त्या स्त्रीला आपला विनय भंगला हे कळायला हवं. तान्ह्या बाळाला ते कुठून कळणार? त्यामुळे आरोपीला शिक्षा झाली ती कलम ३२३ खाली, म्हणजे साध्या दुखापतीबद्दल. नळावरच्या भांडणात कुणी कुणाला थोबाडीत मारली तरी हेच कलम लागायचं.

सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने हा निकाल फिरवला. न्या. बचावत यांनी दंड संहितेच्या दहाव्या कलमावर बोट ठेवलं: ‘स्त्री’ म्हणजे कोणत्याही वयाची स्त्री, आणि विनय तिच्यात जन्मापासूनच असतो. न्या. मुधोळकर म्हणाले, बाळाला काय वाटलं हे बघूच नका. चारचौघांच्या समजुतीने ते कृत्य लैंगिक आहे ना, मग झालं. सरन्यायाधीश ए. के. सरकार मात्र शेवटपर्यंत असहमत राहिले. आरोपीला दोन वर्षं सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड झाला. दंड वसूल झालाच, तर त्यातले पाचशे बाळाला द्यायचे होते.

निकाल बरोबरच लागला. पण त्या दालनात काय चाललं होतं ते जरा डोळ्यांपुढे आणा. देशातले ज्येष्ठ न्यायाधीश एका अंगावरच्या बाळाच्या विनयावर खल करत होते, कारण त्यांच्या हातातल्या कायद्यात ‘मुलावर लैंगिक अत्याचार’ नावाचा गुन्हाच नव्हता. १८६० पासून २०१२ पर्यंत तो नव्हता. या दीडशे वर्षांत कायद्याने बाईची अब्रू सांभाळली, नवऱ्याचा हक्क सांभाळला, ‘निसर्गाचा नियम’ही सांभाळला. मुलाला जे सोसावं लागलं ते या तिघांपैकी एका कप्प्यात कोंबता आलं तर शिक्षा व्हायची, नाही आलं तर व्हायची नाही.

दहा वर्षं, बारा वर्षं

मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केलेली भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १८६२ पासून लागू झाली. कलम ३७५ मध्ये बलात्काराची व्याख्या होती. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिची संमती होती का हा प्रश्न उद्भवत नाही, असं त्यात म्हटलं होतं. यालाच संमतिवय म्हणतात. अकरावं लागलं की मात्र ती कायद्याच्या लेखी मोठ्या बाईच्या रांगेत: विरोध केला का, ओरडली का, अंगावर खुणा आहेत का, सगळे प्रश्न तिलाही. आणि बायको दहा वर्षांची झाली की नवऱ्याला तर तेही प्रश्न नाहीत. नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कारच नव्हे, असा अपवाद त्याच कलमात लिहिलेला होता.

मुलग्यांसाठी कलम ३७७, ‘निसर्गक्रमाविरुद्ध संभोग’. हे कलम मुलांसाठी लिहिलेलंच नव्हतं. आठ वर्षांच्या पोरावर अत्याचार करणारा आणि स्वतःच्या मर्जीने एकत्र आलेले दोन प्रौढ पुरुष, दोघांनाही तेच कलम. गुन्हा निसर्गाविरुद्ध, त्यामुळे त्या पोराचं काय झालं हा मुद्दाच नाही.

राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशात संमतिवय १८७५ मध्ये तेरा आणि १८८५ मध्ये सोळा झालं होतं. इथे ते दहावरच होतं. धर्माच्या बाबतीत हात घालायचा नाही हे सरकारचं धोरण, आणि बालविवाह हा धर्माचा प्रश्न मानला गेलेला.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी हिच्या मृत्यूचा खटला उभा राहिला. ती दहा-अकरा वर्षांची होती. पस्तिशीतला नवरा हरिमोहन मैती याने केलेल्या संभोगामुळे रक्तस्राव होऊन ती मेली. दहा वर्षं उलटलेली होती, म्हणून बलात्काराचं कलम लागू शकलं नाही. निष्काळजीपणे गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्ष सक्तमजुरी झाली.

यानंतर जे रान उठलं त्याचं एक मोठं केंद्र मुंबई-पुणं होतं. मुंबईचे बेहरामजी मलबारी १८८४ पासूनच बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. त्याच सुमाराला रखमाबाईंचा खटला मुंबई उच्च न्यायालयात सुरू होता. अकराव्या वर्षी झालेलं लग्न आपल्याला मान्य नाही, नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं त्यांनी न्यायालयात ठणकावून सांगितलं. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला, तेव्हा तुरुंग पत्करेन असं त्यांचं उत्तर होतं. शेवटी नवऱ्याने पैसे घेऊन तडजोड केली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

संमतिवयाचं विधेयक जानेवारी १८९१ मध्ये आलं आणि पुण्यात अक्षरशः दोन तट पडले. आगरकरांचा ‘सुधारक’ विधेयकाच्या बाजूने, टिळकांचा ‘केसरी’ विरोधात. टिळकांचा युक्तिवाद नीट समजून घ्यायला हवा, कारण तो आजही वेगवेगळ्या वेषांत भेटतो. लहान वयात लग्नं व्हावीत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ज्यांना सुधारणा हव्या त्यांनी मुलींची लग्नं सोळाच्या आत करणार नाही अशी स्वतःपुरती बंधनं घालून घ्यावीत, असं त्यांनीच सुचवलं होतं. आमच्या घरात परकीय सरकारने कायदा घेऊन शिरू नये, हा त्यांचा मुद्दा. शिवाय ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान संस्कार, म्हणजे नवरा-बायकोच्या पहिल्या संबंधाचा विधी, ठरल्या मुदतीत व्हायला हवा, हा शास्त्राधार. रा. गो. भांडारकरांनी त्याच शास्त्रांतले दाखले काढून हा संस्कार लांबवला तर पाप लागत नाही असं दाखवून दिलं. दोन्हीकडचे विद्वान ग्रंथ उघडून बसले. वादाच्या मध्यभागी खरं तर एक दहा वर्षांची मुलगी होती, पण तिच्या शरीराला काय झेपतं यावर बोलणारे त्या गदारोळात थोडेच. १९ मार्च १८९१ रोजी कायदा मंजूर झाला आणि लग्नातलं व लग्नाबाहेरचं, दोन्ही संमतिवयं बारा झाली.

एवढा धुरळा उडालेला हा कायदा प्रत्यक्षात फार कुणाच्या कामी आला नाही. १९२५ मध्ये वय लग्नाबाहेर चौदा आणि लग्नात तेरा झालं. नवऱ्याला एका वर्षाची सूट, ती इथून सुरू झाली. १९२८ मध्ये अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समिती नेमली गेली. समितीने देशभर फिरून साक्षी घेतल्या, तेव्हा असा काही कायदा आहे हेच बहुतेकांच्या गावी नसल्याचं तिच्या लक्षात आलं. गुन्हा घरात घडणार, फिर्याद द्यायची तर मुलीच्या बापाने जावयाविरुद्ध, आणि वयाचा दाखला कुणाकडेच नाही. मग गुन्हे नोंदले जाणार कसे? त्यापेक्षा लग्नाचं वयच कायद्याने ठरवा, हा विचार त्यातून पुढे आला आणि १९२९ चा सारडा कायदा झाला. लग्नाबाहेरचं संमतिवय अठरा असावं, असंही जोशी समितीने सुचवलं होतं. ते व्हायला आणखी ऐंशीहून अधिक वर्षं गेली. १९४९ मध्ये आकडे सोळा आणि पंधरा झाले, आणि तिथेच गोठले.

मुलाची साक्ष

व्याख्या बाजूला ठेवली तरी दुसरी अडचण होतीच. असे गुन्हे चार भिंतींच्या आत होतात आणि साक्षीदार एकच, ते मूल. त्याच्या शब्दावर माणसाला तुरुंगात धाडायचं का?

१८७२ चा पुरावा कायदा या बाबतीत तसा शहाणा होता. साक्षीदाराला वयाची अट नाही. प्रश्न कळले आणि त्यांना सुसंगत उत्तर देता आलं की पुरे. पण न्यायाधीशांच्या मनात इंग्लंडहून आलेली एक सवय मुरलेली होती: मुलं कल्पना लढवतात, शिकवलेलं बोलतात, तेव्हा दुसरा पुरावा असल्याशिवाय विश्वास नको. १९५२ मध्ये राजस्थानातल्या एका आठ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात न्या. व्हिव्हियन बोस यांनी हे सोडवून सांगितलं. दुसरा पुरावा शोधणं हा सावधपणा आहे, कायद्याचा नियम नाही. न्यायाधीशाने तो धोका मनात ठेवावा, आणि तरीही मूल खरं बोलतंय अशी खात्री पटली तर शिक्षा द्यावी. त्या मुलीने घडल्यावर लगेच आईला जे सांगितलं, तेच पाठबळ म्हणून पुरेसं धरलं गेलं.

कागदावर प्रश्न मिटला. खालच्या न्यायालयात मात्र मूल साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं, समोर आरोपी, भोवती काळे कोट, आणि बचावाचा वकील चढ्या आवाजात विचारायचा की कुठे हात लावला, किती वेळ, तेव्हा तू काय करत होतीस. तारीख पडायची, पुन्हा यायचं, पुन्हा तेच सांगायचं. यावर उपाय सुचायला २००४ साल उजाडलं. दिल्लीच्या ‘साक्षी’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात मागणी केली होती की बलात्काराची व्याख्या फक्त एका प्रकारच्या संभोगापुरती ठेवू नका. मुलांवर जे होतं त्यातलं बरंचसं त्या व्याख्येबाहेरच राहतं. न्यायालयाने व्याख्या बदलायला नकार दिला, ते संसदेचं काम म्हणून. पण तीन गोष्टी सांगितल्या: मुलाला आरोपी दिसणार नाही असा पडदा लावा, उलटतपासणीचे अडचणीचे प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे द्या म्हणजे ते योग्य भाषेत विचारतील, आणि मुलाला मधे मधे विश्रांती द्या. अर्धा भाग हरलेला हा खटला देशभरातल्या मुलांच्या सर्वांत जास्त उपयोगी पडला, असं माझं मत आहे.

देसाईगंज, मडगाव, मुरुड

२६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी भावाबरोबर आली होती. बाकीच्यांना बाहेर पाठवून दोन पोलिसांनी तिला ठाण्यातच ठेवून घेतलं. तिचं नाव पुढे देशाला पाठ झालं, पण ते इथे लिहीत नाही. पीडितेचं नाव छापू नये हा नियम तिच्याच प्रकरणामुळे झालेल्या दुरुस्तीतून आला आहे.

हा खटला आपल्याला मोठ्या स्त्रीवरच्या बलात्काराचा म्हणून आठवतो. वयाकडे कुणाचं लक्ष जात नाही. डॉक्टरांच्या तपासणीप्रमाणे ती चौदा ते सोळा वर्षांची होती. सोळाच्या आत असल्याचं सिद्ध झालं असतं, तर संमतीची सगळी चर्चाच थांबली असती. पण जन्माचा दाखला नव्हता, आणि सत्र न्यायालयाने वयाचा पुरावा अपुरा ठरवला. मग मोठ्या बाईला विचारतात ते सगळं तिला लागू झालं: आरडाओरडा केला नाही, अंगावर खुणा नाहीत, पूर्वीचा संबंध होता. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात स्त्री ‘संमती नव्हती’ म्हणाली की न्यायालयाने ते गृहीत धरायचं, खटला बंद दालनात चालवायचा, नाव छापायचं नाही. मुलींपुरतं म्हणाल तर बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं शिक्षा आली. त्या कलमाचे शब्द होते ‘बारा वर्षांखालील स्त्री’. १९८३ मध्येही मुलगी म्हणायला जमलं नव्हतं.

मुलग्यांचा प्रश्न उघड्यावर आला तो गोव्यात. मडगावजवळ फातोर्ड्याला फ्रेडी पीट्स नावाचा माणूस अनाथ मुलांसाठी ‘गुरुकुल’ चालवायचा. समाजात मान, देणगीदार परदेशातले. १९९१ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा मुलांच्या अश्लील छायाचित्रांचा मोठा साठा सापडला. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुलांची सूत्रबद्ध विक्री काय असते हे भारतातल्या न्यायालयाने तेव्हा पहिल्यांदा इतकं जवळून पाहिलं. यातून धडा घेऊन गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, केंद्राच्या नऊ वर्षं आधी. मुलगा-मुलगी भेद न करता लैंगिक हल्ला, गंभीर लैंगिक हल्ला आणि घरातल्या नातेवाइकाने केलेला अत्याचार असे गुन्हे त्यात आले, वेगळं बाल न्यायालय आलं. एक तरतूद तर थेट पीट्स प्रकरणातूनच उगवल्यासारखी वाटते: फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्याला मुलांची अशी छायाचित्रं दिसली, तर पोलिसांना कळवणं त्याच्यावर बंधनकारक. रोल धुवायचा जमाना काही वर्षांतच संपला, पण विचार नेमका होता.

महाराष्ट्राच्या वाट्याला ‘अँकरेज’ आलं. कुलाबा आणि मुरुडला रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारे चालवणाऱ्या दोन ब्रिटिशांना मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. मुलांच्या साक्षी विश्वासार्ह वाटल्या नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. कलम कोणतं लावलं होतं? ३७७. रस्त्यावरच्या मुलांवर वर्षानुवर्षं झालेल्या अत्याचाराला एकविसाव्या शतकातही ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ म्हणण्यापलीकडे कायद्याकडे शब्द नव्हता.

पोक्सो आला

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्त होतं. करणारे निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले, आणि बहुतेक मुलांनी हे कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ‘आपल्याकडे असलं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना हा सरकारी कागदच होता.

पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्यात पहिल्यांदा मूल मध्यभागी आलं. अठराच्या आतलं कुणीही, मुलगा असो वा मुलगी. अत्याचाराचे प्रकार कृतीनुसार पाडलेले, त्यामुळे विनय आणि निसर्ग दोन्ही हद्दपार. शिक्षक, पोलीस, डॉक्टर, नातेवाईक अशा विश्वासाच्या जागेवरच्या माणसाने केलं तर शिक्षा जास्त.

माझ्या मते कायद्याचा जीव शिक्षेच्या आकड्यांत नाही, प्रक्रियेत आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा. शक्यतो फौजदार किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, पालकांसमोर. खटला विशेष न्यायालयात. वकिलाने प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि त्यांनी ते मुलाला विचारायचे. मुलाला पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. साक्ष तीस दिवसांत, खटला शक्यतो वर्षात. आणि मूळ घटना सिद्ध झाली की उलटं सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीकडे सरकते.

कळवण्याची सक्ती हा यातला सगळ्यांत वादाचा भाग. असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायलाच हवं, न सांगणं हाही गुन्हा. संस्थाचालकाला तर शिक्षा जास्त. शाळेची बदनामी नको म्हणून प्रकरण दाबणाऱ्यांवर याचा वचक हवाच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. पालक ठाण्यात ताटकळले, संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना विलंबाचा जाब विचारला. कायद्याला बारा वर्षं झाली होती. आरोपी खटला उभा राहण्याआधीच पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा काहींनी पेढे वाटले. त्या मुलींना खटल्याचा निकाल मात्र कधीच मिळाला नाही.

नवा कायदा आला तरी न्यायालयाची जुनी नजर एकदम जात नाही, हे नागपूरने दाखवून दिलं. पेरू देतो म्हणून एका बारा वर्षांच्या मुलीला घरात नेलेल्या माणसाचं प्रकरण होतं. १९ जानेवारी २०२१ च्या निकालात नागपूर खंडपीठाने म्हटलं, कपड्यांवरून छाती दाबली, त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही, म्हणून हा पोक्सोखालचा लैंगिक हल्ला नव्हे. शिक्षा तीन वर्षांवरून एक वर्षावर आली, ती कलम ३५४ खाली. पुन्हा विनयभंग. महान्यायवादी वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि म्हणाले, उद्या कुणी हातमोजे घालून हेच करील. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निकाल फिरवला गेला. बघायचा तो हेतू, कापड नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं.

अठराची रेघ

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याची सूटही काढली. पंधरा ते अठरा वयाच्या बायकोशी संबंध हा आता बलात्कारच. फुलमणीला जाऊन १२७ वर्षं झाली होती. दंड संहितेच्या जागी जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेने हे अठरा वय स्वतःच्या मजकुरात घेतलं आणि ३७७ गाळलं.

मधल्या काळात शिक्षा वाढत गेल्या. २०१८ आणि २०१९ च्या दुरुस्त्यांनी गंभीर प्रकारांना किमान वीस वर्षं आणि कमाल फाशी आणली. टाळ्यांसाठी हे ठीक आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे. बाप, काका, शेजारी. फाशी होईल म्हटल्यावर तक्रार द्यायला आईचं पाऊल पुढे पडेल की मागे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. किमान शिक्षा जड असली की शंकेचा फायदा देण्याकडे न्यायाधीशाचा कल वाढतो, हीही वकिलांची जुनी तक्रार आहे.

आणि एक गाठ कायद्याने स्वतःच मारून घेतली. पोक्सोच्या मूळ विधेयकात सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या खऱ्या संमतीला जागा होती. संसदीय स्थायी समितीने ती काढायला सांगितलं, आणि संमतिवय एका झटक्यात सोळावरून अठरावर गेलं. तेव्हापासून सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर पळून गेली, की तिचा बाप ठाण्यात जातो आणि मुलावर पोक्सो लागतो. बऱ्याचदा मुलगा दुसऱ्या जातीचा असतो. मुलगी न्यायालयात सांगते की मी माझ्या मर्जीने गेले. कायदा म्हणतो, तुझी मर्जी मोजता येत नाही. शिवाय अशी मुलगी गरोदर राहून दवाखान्यात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून ती दवाखान्यातच येत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या बाबतीत डॉक्टरने मुलीची ओळख उघड करायची गरज नाही असं सांगून थोडी वाट करून दिली. २०२३ मध्ये विधी आयोगाने वय अठराच ठेवा, पण सोळा ते अठराच्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत मोकळीक द्या, असा मधला मार्ग सुचवला. वय सरसकट सोळा करायला मी कचरतो, कारण त्या आडून क्लासचा सर आणि ओळखीचा ‘दादा’ही सुटू शकतो. दोघांच्या वयातलं अंतर बघणारी तरतूद मला जास्त पटते. बऱ्याच देशांत ती आहे.

या गाठीत सापडलेल्या एका मुलीचं प्रकरण पश्चिम बंगालमधलं आहे. चौदाव्या वर्षी ती एका प्रौढ माणसाबरोबर निघून गेली, तिला मूल झालं. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, सोडताना मुलींनी कसं वागावं याचे धडेही दिले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते धडे पुसून त्याला पुन्हा दोषी ठरवलं, आणि मग तज्ज्ञांची समिती नेमून त्या मुलीला, जी आता सज्ञान बाई होती, काय हवंय ते विचारलं. समितीला आढळलं की तिला त्या गुन्ह्यापेक्षा नंतरच्या सगळ्याचा त्रास जास्त झाला: घरच्यांनी टाकलं, आणि नवऱ्याला सोडवण्यासाठी पोलीस-वकिलांच्या खेपा घालताना डोक्यावर कर्ज झालं. मे २०२५ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयां यांनी आरोपी दोषी असूनही त्याला तुरुंगात पाठवायचं नाही असं ठरवलं. पोक्सोमध्ये तशी मुभाच नसल्याने त्यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ मधला खास अधिकार वापरावा लागला. हा निकाल इतर खटल्यांसाठी दाखला म्हणून वापरू नका, असंही त्यांनी लिहून ठेवलं. जिल्हा न्यायालयांकडे हा अधिकार नाही, त्यामुळे अशी पुढची मुलगी समोर उभी राहिली तरी तिथल्या न्यायाधीशाला किमान शिक्षेखाली उतरता येणार नाही.